गोठलेल्या दवाची वाट

मुंबईत ट्रॉम्बेला हिवाळा म्हणजे पहाटेचा जरासा गारवा. खऱ्या थंडीच्या ओढीने मोटारसायकल निघते ती महाबळेश्वरला. द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. म्हणून पनवेल, खोपोलीवरून जुन्या रस्त्याने बोरघाट चढायचा आणि पुणे ओलांडून सुरूर फाट्याला वाईकडे वळायचे. पुढे पसरणीचा घाट, पाचगणी आणि स्ट्रॉबेरीचे मळे.

महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७२ मीटर. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जड गार हवा सखल भागात उतरते. त्यामुळे वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याकडे गवतावर, गाड्यांच्या टपांवर दव गोठून पांढरे होते. पाहुण्यांना ती मौज. मळेवाल्याला मात्र घोर, कारण कोवळी पाने-फुले करपतात.

ही मौज पाहायचीच तर मुक्काम करावा आणि पहाटे पायी जावे, मळा न तुडवता. घाट उजाडल्यावरच चढावा. सावलीतली वळणे ओली असतात. वेग आधीच कमी करावा, पुढचा ब्रेक एकदम दाबू नये. हातमोजे हवेतच, कारण बधिर बोटांनी ब्रेक वेळेवर लागत नाही.

भल्या पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणाऱ्या आपल्या घरच्या मुलालाही एवढे जरूर सांगावे.