बदलते हवामान आणि विद्यार्थ्याची जीवनदृष्टी

‘मी मोठेपणी कोण होणार?’ हा निबंध प्रत्येक शाळेत लिहिला जातो. त्यात डॉक्टर, सैनिक, फौजदार हे नित्याचे उल्लेख असतात. आणि शेतकऱ्याच्या मुलाच्या वहीत ‘मी काहीही होईन, पण शेती करणार नाही’ असे वाक्य आढळले, तर त्यात नवल नाही. अशा वाक्यातील केवळ ऱ्हस्वदीर्घ तपासून वही परत करणे पुरेसे नाही. मुलाने घरी व शिवारात जे पाहिले, त्याचा तो निष्कर्ष असतो.

एका दिवसाची हवा आणि प्रदेशाचे हवामान यांतील भेद विद्यार्थ्यांना प्रथम स्पष्ट करून द्यावा. हवा रोज पालटते; हवामान म्हणजे साधारणपणे तीस वर्षांच्या नोंदींची सरासरी होय. दगडी कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनाने वातावरणातील कार्बन डायऑक्साइड वाढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने अधिक झाले. तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प धारण करण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा तो एकदम कोसळण्याचा संभव वाढतो. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या नेतृत्वाखाली २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या.

या फेरफाराचा मनावर होणारा परिणाम मराठवाड्याच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. तेथील आजोबांच्या आठवणीत १९७२ चा दुष्काळ हा एक मोठा अपवाद म्हणून आहे. आज विशीत असलेल्या नातवाचे बालपण मात्र २०१२ चे अवर्षण, २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपीट आणि २०१४ व २०१५ ही लागोपाठची तुटीची वर्षे यांत गेले. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरासाठी मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके पाण्याखाली गेली. आजोबांना जो अपवाद वाटला, तोच नातवाला नियम वाटू लागला. श्रमाचे फळ श्रमावर अवलंबून नाही, अशी समजूत कोवळ्या वयात रुजली की केवळ शेतीवरील नव्हे, तर कोणत्याही दीर्घ प्रयत्नावरील विश्वास ढळतो. ही चिंता एकट्या खेड्यातील मुलांची नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वयाच्या दहा हजार तरुणांच्या पाहणीत ५९ टक्के तरुणांनी हवामानबदलाविषयी अतिशय चिंता व्यक्त केली.

अशा वेळी शिक्षकाने दोन टोके टाळावीत. जगबुडी आल्यासारखे वर्णन करून मुलांना भेदरविणे हे एक टोक. ‘पूर्वीही असेच होत असे’ म्हणून त्यांचा अनुभव खोटा ठरविणे हे दुसरे. प्रत्येक आपत्तीचे खापर हवामानबदलावर फोडणेही शास्त्रशुद्ध नव्हे. पाऊस कमी पडणे ही एक गोष्ट. विंधन विहिरींनी भूजलाचा बेसुमार उपसा करणे आणि कमी पावसाच्या भागात उसाचे क्षेत्र वाढविणे ही दुसरी. पहिली गोष्ट गावाच्या हाती नाही, दुसरी पुष्कळशी आहे. हा भेद ज्या मुलाला उमगला, त्याच्या भीतीची जागा विचार घेऊ लागतो.

यासाठी मापनासारखे साधन नाही. उभ्या बाजूंचे व सपाट तळाचे भांडे उघड्यावर ठेवून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजावी आणि नोंद करून भांडे रिते करावे. सरकारी नोंदीत २.५ मिलिमीटर वा अधिक पाऊस झालेला दिवस पावसाचा दिवस गणला जातो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणजे शंभर चौरस मीटरच्या शाळेच्या छपरावर दहा मिलिमीटर पावसात हजार लिटर पाणी पडते. हे गणित मुलांनी स्वतः सोडवावे. नोंदवही पुढील वर्षीच्या वर्गाकडे सोपवावी; काही वर्षांत ती गावाची ठेव होईल.

मापनातूनच व्यवसायांची ओळख करून देता येते. भूजलाचे सर्वेक्षण, पाणलोट क्षेत्राची आखणी, कमी पाण्यावर येणाऱ्या वाणांची पैदास, ठिबक संचाची व सौर पंपाची उभारणी आणि दुरुस्ती, हवामानाचा अंदाज ही सर्व कामे शिकलेल्या माणसांची वाट पाहत आहेत. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठे आणि तालुक्याची औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांची माहिती सातवीच्या मुलामुलींना असावी. मुलींना अण्णा मणी यांचे चरित्र अवश्य सांगावे. १९१८ मध्ये त्रावणकोरात जन्मलेल्या या विदुषी १९४८ मध्ये पुण्याच्या हवामान कार्यालयात रुजू झाल्या. परदेशातून आणावी लागणारी हवामानाची उपकरणे भारतातच तयार व्हावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. पाण्याची घागर वाहणाऱ्या मुलीला पाणी मोजण्याचे शास्त्रही आपले आहे, असे वाटले पाहिजे.

मुलाला गावाशी जखडून ठेवणे हा शिक्षणाचा हेतू नव्हे. त्याने शेती करावी की न करावी, हा त्याचा प्रश्न आहे. मात्र तो निर्णय भीतीने न होता समजुतीने व्हावा, एवढी काळजी शाळेने वाहिली पाहिजे. जो गाव सोडील, त्याने परिस्थिती जाणून सोडावा. जो राहील, त्यानेही ती जाणूनच राहावे.