लिनक्सवरील लॅपटॉपचे वाय-फाय चालत नसेल तर...

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीला नेहमीची सुरक्षाविषयक मदत देणे थांबविले. विंडोज ११ साठी कंपनीने ज्या अटी घातल्या आहेत, त्या २०१७ पूर्वीचे बहुतेक लॅपटॉप पूर्ण करू शकत नाहीत. त्यामुळे की-बोर्ड चांगला, पडदा चांगला, बॅटरीही बऱ्यापैकी चालते, असे कित्येक लॅपटॉप घरोघरी कपाटात जाऊन पडत आहेत. अशा यंत्राला नवे आयुष्य देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे लिनक्स. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली ज्या कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, सुरुवात केली, त्यावर उभ्या राहिलेल्या उबुंटू, डेबियन, मिंट इत्यादी प्रणाली विनामूल्य मिळतात आणि जुन्या यंत्रावरही समाधानकारक चालतात.

परंतु लिनक्स टाकल्यावर पुष्कळदा एक अडचण उभी राहते, ती म्हणजे वाय-फाय दिसत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावयाचा असतो, शेवटची तारीख जवळ आलेली असते आणि विद्यार्थ्याच्या हाती असलेला एकुलता एक लॅपटॉप इंटरनेटला जोडला जात नाही. दुकानात न्यावे तर कोणी सांगतो, "कार्ड गेले, बदलावे लागेल." कोणी सांगतो, "लिनक्सवर वाय-फाय चालतच नाही." पहिले निदान तपासणीवाचून केलेले असते आणि दुसरे तर सरसकट चुकीचे आहे. बहुतेक वेळा दोष सेटिंगचा किंवा एखाद्या न मिळालेल्या फाइलचा असतो आणि तो एक पैसाही खर्च न करता दूर होतो. मात्र त्यासाठी तपासणी क्रमाने करावी लागते. तो क्रम सभासदांस व विद्यार्थ्यांस समजावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

क्रम का महत्त्वाचा?

नळाला पाणी आले नाही म्हणून कोणी लगेच भिंत फोडून पाइप बदलत नाही. कॉक उघडा आहे ना, टाकीत पाणी आहे ना, शेजाऱ्याकडे पाणी आहे ना, हे आपण आधी पाहतो. वाय-फायचेही तसेच आहे. लॅपटॉपमध्ये एक छोटे वाय-फाय कार्ड असते. त्या कार्डाशी बोलणारा प्रणालीचा भाग म्हणजे ड्रायव्हर. बऱ्याच कार्डांना सुरू होताना स्वतःच्या आत भरून घेण्यासाठी एक फाइल लागते, तिला फर्मवेअर म्हणतात. आणि घरातील वाय-फायचे नाव निवडून पासवर्ड देण्याचे काम ज्याच्यामार्फत होते तो नेटवर्क मॅनेजर. या साखळीतील कोणतीही एक कडी तुटली, तरी वापरणाऱ्यास दिसते ते एकच : "वाय-फाय नाही." म्हणून तुटलेली कडी कोणती, हे शोधणे म्हणजेच निम्मी दुरुस्ती होय.

सर्वप्रथम त्याच खोलीत, त्याच वाय-फायवर मोबाइल जोडून पाहावा. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल तर दोष राउटरचा अथवा सेवेचा आहे. लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही.

यानंतरच्या तपासणीसाठी लिनक्समधील 'टर्मिनल' उघडावे. पुढे आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत लिहावीत. उदाहरणार्थ, 'एलएसपीसीआय' म्हणजे एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे एकमेकांना जोडून. ज्या आज्ञेआधी 'सुडो' म्हटले आहे, तेथे एस, यू, डी, ओ ही अक्षरे व एक रिकामी जागा आधी द्यावी. मग यंत्र पासवर्ड विचारते. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही, त्याने गोंधळून जाऊ नये.

पहिली पायरी : कुलूप आहे का?

'सुडो आरएफकिल लिस्ट' ही आज्ञा द्यावी. येथे आर, एफ व किल हे सर्व जोडून लिहावयाचे आहे. उत्तरात वायरलेस लॅनच्या खाली दोन ओळी येतात : 'सॉफ्ट ब्लॉक्ड' आणि 'हार्ड ब्लॉक्ड'. दोन्हींपुढे 'नो' असेल तर कुलूप नाही, पुढे जावे.

'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर प्रणालीनेच वाय-फाय बंद ठेवले आहे. बहुधा विमान-मोड चुकून चालू झालेला असतो. 'सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय' एवढ्याने काम होते. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर मात्र आज्ञेने काही होत नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या बाजूस सरकते बटण असते, ते पाहावे. अँटेनाचे वा विमानाचे चित्र असलेली कळ 'एफएन' कळीबरोबर दाबून पाहावी. लेनोव्होच्या काही योगा व आयडियापॅड मॉडेलांत असे बटण मुळात नसतानाही कर्नलचा एक भाग कुलूप असल्याचे सांगत असे. पुढच्या कर्नलांत एकेका मॉडेलसाठी ही दुरुस्ती झाली. म्हणून बटण सापडत नसेल तर प्रणाली अद्ययावत करणे हा पहिला उपाय.

दुसरी पायरी : कार्ड यंत्राला दिसते का?

'एलएसपीसीआय' लिहून एक रिकामी जागा, मग आडवी रेघ व तिला जोडून एन, एन, के ही अक्षरे लिहावीत. मोठी यादी येईल. तीत 'नेटवर्क कंट्रोलर' असा उल्लेख असलेली ओळ शोधावी. बहुधा तेच वाय-फाय कार्ड असते. 'इथरनेट कंट्रोलर' ही ओळ सहसा केबलच्या जोडणीची असते. वाय-फाय यूएसबीवर लावायचे असेल तर 'एलएसयूएसबी' ही आज्ञा वापरावी.

ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन क्रमांक असतात. पहिला क्रमांक कंपनीचा. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अथेरॉस. दुसरा क्रमांक कार्डाच्या प्रकाराचा. हे दोन्ही क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. लॅपटॉपच्या झाकणावर नाव कोणतेही असो, आतील कार्ड कोणाचे हे या क्रमांकांवरूनच कळते आणि पुढचा सर्व उपाय त्यावर अवलंबून असतो. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डे असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

कार्ड यादीत आले तर निदान ते जागेवर आहे व यंत्र त्याला ओळखते, एवढे निश्चित झाले. यादीत आलेच नाही तर घाईने ते मेले असे समजू नये. लॅपटॉपवर विंडोजही असेल तर तिच्यातील 'फास्ट स्टार्टअप' ही सोय बंद करावी. तीमुळे विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट स्थितीत राहू शकते. नंतर लॅपटॉप बंद करून चार्जर काढावा, बॅटरी निघत असेल तर तीही काढावी आणि चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे. साठलेली वीज निघून जाते व अडकलेले कार्ड पुष्कळदा पुन्हा दिसू लागते. बायोसमध्ये वायरलेस बंद केलेले नाही ना, हेही पाहावे. एवढ्यानेही काही झाले नाही तरच मागचे झाकण उघडून कार्ड काढून पुन्हा नीट बसवावे.

तिसरी पायरी : ड्रायव्हर लागला आहे का?

त्याच यादीत कार्डाच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ असावयास हवी. इंटेलसाठी तिच्यापुढे 'आयडब्ल्यूएलवायफाय' दिसते, अथेरॉसच्या बऱ्याच जुन्या कार्डांसाठी 'एटीएच९के'. ही ओळच नसेल तर कार्ड आहे, पण त्याच्याशी बोलणारा कोणी नाही, असा अर्थ होतो.

याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, कार्ड नवे आणि कर्नल जुना. इंटेलच्या एएक्स२०० या कार्डाला कर्नल ५.१ किंवा त्यापुढचा लागतो, एएक्स२१० ला ५.१० आणि मीडियाटेकच्या एमटी७९२१ ला ५.१२. आपला कर्नल कोणता, हे 'यूनेम' लिहून रिकामी जागा, आडवी रेघ व आर दिल्यास कळते. तो जुना असेल तर प्रणालीची नवी आवृत्ती टाकावी. दुसरे, ब्रॉडकॉमची कार्डे. त्यांतील अनेकांना कंपनीचा वेगळा ड्रायव्हर लागतो. उबुंटूमध्ये 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' या खिडकीतून तो घेता येतो. तिसरे, 'सिक्युअर बूट'. ही सोय चालू असता, ज्यावर मान्य सही नाही असा बाहेरून आणलेला ड्रायव्हर कर्नल स्वीकारत नाही. तो टाकताना प्रणाली एक पासवर्ड ठरवावयास सांगते व पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारते. तो पडदा घाईने ओलांडला तर ड्रायव्हर टाकूनही वाय-फाय चालत नाही.

चौथी पायरी : फर्मवेअर मिळाले का?

आमच्या मते ही पायरी सर्वांत जास्त दुर्लक्षित आहे. 'सुडो डीमेसेज' ही आज्ञा द्यावी. डी अक्षराला जोडून एम, ई, एस, जी. यंत्र सुरू झाल्यापासून कर्नलने केलेल्या सर्व नोंदी दिसतात. त्यांत 'फर्मवेअर' हा शब्द शोधावा. 'फेल्ड विथ एरर' आणि पुढे उणे २ असे दिसले तर घाबरू नये. लिनक्समध्ये उणे २ चा अर्थ एवढाच की, मागितलेली फाइल सापडली नाही. म्हणजे कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, केवळ एक फाइल नाही! अशा वेळी कार्ड बदलणे म्हणजे निव्वळ पैसे फुकट घालविणे होय.

डेबियनच्या बाबतीत हे फार घडत असे, कारण ज्यांचा मूळ मजकूर खुला नाही अशा फर्मवेअर फाइली तिच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवीत नसत. २०२२ साली डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून त्या समाविष्ट होऊ लागल्या. म्हणून जुनी प्रत कोणाकडून आणून टाकण्याऐवजी नवी आवृत्ती घेणे हिताचे.

पण इंटरनेटच नाही, मग फाइल आणावयाची कशी? याचे उत्तर आपल्या खिशात आहे. अँड्रॉइड मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडावा व मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करावे. केबल केवळ चार्जिंगची नसावी, माहिती वाहून नेणारी असावी. लॅपटॉपला लगेच इंटरनेट मिळते, त्याला वाय-फाय कार्डाची गरज नसते. अर्जाची शेवटची तारीख असेल तर आधी अर्ज भरून घ्यावा, दुरुस्ती मागाहून करावी. नंतर याच जोडणीवरून प्रणाली अद्ययावत करावी, आवश्यक फर्मवेअर घ्यावे आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

पाचवी पायरी : जोडणी करणारा जागा आहे का?

आता 'एनएमसीएलआय डिव्हाइस' ही आज्ञा द्यावी. वाय-फायच्या ओळीत 'अनमॅनेज्ड' असेल तर नेटवर्क मॅनेजरला त्या कार्डाकडे पाहू नको असे कोठेतरी सांगितलेले आहे; ती नोंद सेटिंगच्या फाइलीतून काढावी लागते. 'अनअव्हेलेबल' असेल तर मागील एखादी पायरी अपुरी राहिली आहे. 'डिस्कनेक्टेड' असेल तर आनंदाची गोष्ट : यंत्राकडून सर्व ठीक आहे, नाव निवडून पासवर्ड देणे एवढेच बाकी आहे.

कधी शेजारची नावे दिसतात, पण आपलेच नाव दिसत नाही. जुनी कार्डे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटर केवळ ५ गिगाहर्ट्झवर ठेवलेला असेल तर ते नाव त्यांना दिसणारच नाही. अशा वेळी राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झही चालू करावे. जोडणी होऊन वारंवार तुटत असेल तर कार्डाची वीज-बचत बंद करून पाहावी. राउटरच्या अगदी जवळ बसल्यावरच चालत असेल तर अँटेनाकडे लक्ष द्यावे. रिअलटेकच्या आरटीएल८७२३बीई या कार्डासाठी ड्रायव्हरला कोणती अँटेना वापरावी हे सांगण्याची सोय आहे, कारण काही लॅपटॉपमध्ये एकच अँटेना, तीही दुसऱ्या टोकाला, जोडलेली असते.

कार्ड बदलण्यापूर्वी

सर्व पायऱ्या झाल्या, कार्ड कोणत्याही यादीत येत नाही, पुन्हा बसवूनही येत नाही, तेव्हाच ते गेले असे म्हणावे. तरीही खरेदीपूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात. काही जुन्या थिंकपॅड व एचपी लॅपटॉपचे बायोस कंपनीने मान्य केलेल्या कार्डांव्यतिरिक्त दुसरे कार्ड स्वीकारत नाही. अशा थिंकपॅडवर १८०२ क्रमांकाची चूक दाखवून यंत्र सुरूच होत नाही. दुसरे, इंटेलचे एएक्स२०० व एएक्स२०१ यांत नावाला एका आकड्याचा फरक आहे, परंतु एएक्स२०१ हे इंटेलच्या ठरावीक प्रोसेसरबरोबरच चालते. या भानगडीत पडावयाचे नसेल तर यूएसबीवरचे छोटे वाय-फाय अडॅप्टर घ्यावे. मात्र त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे, याची खात्री करूनच.

विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच की, प्रत्येक पायरीवर यंत्राने काय उत्तर दिले ते तारखेसह वहीत लिहावे. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम पाहून मगच दुसरा करावा. अशी वही हाती असली की दुकानदारासमोरही आपण अंदाजाने नव्हे, तर पुराव्याने बोलू शकतो. ज्या सभासदांना जुना लॅपटॉप एखाद्या होतकरू मुलास द्यावयाचा असेल, त्यांनी लिनक्स टाकण्यापूर्वी ते पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे. त्यात वाय-फाय चालले तर टाकल्यावरही ते चालण्याची शक्यता पुष्कळच असते. आणि ज्यास ही तपासणी जमली, त्याने ती आणखी चौघांना दाखवावी. परीक्षेच्या दिवसांत एका घरातील बंद लॅपटॉप सुरू होणे, ही लहान गोष्ट नव्हे.