मुंबईत आलेले ‘एर्तुग्रुल’
‘एर्तुग्रुल’ म्हटले की आमच्या राजूरच्या मुलांना मालिकेतले गाझी आठवतात. त्याच नावाचे लाकडी तुर्की जहाज १८८९ मध्ये मुंबई बंदरात आले होते. सुलतान अब्दुल हमीद यांच्या भेटी घेऊन नौदल अधिकारी उस्मान बे जपानच्या सम्राटाकडे निघाले होते. खलिफाचे जहाज पाहायला मुंबईचे मुसलमान लोटले.

परतीच्या वेळी, वादळाचे दिवस आहेत, थांबा, असे सांगूनही ते निघालेच. १६ सप्टेंबर १८९० च्या रात्री जपानच्या ओशिमा बेटाजवळ जहाज खडकावर फुटले. तोवर पाशा झालेल्या उस्मान यांच्यासह पाचशेहून अधिक जण गेले, वाचले ६९. बेटावरच्या गरीब कोळ्यांना त्यांची भाषाही कळत नव्हती. तरी घरातली रताळी, कोंबड्या, होते नव्हते ते त्यांनी पुढे केले. जपानच्या दोन युद्धनौकांनी जानेवारी १८९१ मध्ये वाचलेल्यांना इस्तंबूलला पोहोचवले.