पुस्तकातला अपू आणि पडद्यावरचा अपू

एखादी कादंबरी मनापासून आवडलेली असावी आणि तिच्यावर चित्रपट निघाल्याचे कळावे, म्हणजे वाचकाच्या मनात आनंदाबरोबर थोडी धास्तीही उत्पन्न होते. वाचताना आपण त्यातील माणसांना आपापल्या परीने चेहरे दिलेले असतात. पडदा मात्र सर्वांना एकच चेहरा दाखवितो. तो आपल्या मनातल्या चेहऱ्याशी जुळला नाही, की आपण रुसतो. साने गुरुजींचे 'श्यामची आई' हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, तेव्हा असंख्य वाचकांच्या मनातली आई आधीच ठरलेली होती. तरीही वनमालाबाईंनी उभी केलेली आई लोकांनी आपली मानली, आणि उत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक त्या चित्रपटाला मिळाले. हे पाहावयास गुरुजी मात्र हयात नव्हते.

चित्रपट म्हणजे कादंबरीची नक्कल नव्हे. हे ध्यानात येण्यासाठी 'पथेर पांचाली'सारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची ही बंगाली कादंबरी १९२९ साली पुस्तकरूपाने आली. निश्चिंदिपूर नावाचे खेडे, गरीब पुरोहित हरिहर, त्याची पत्नी सर्वजया, दुर्गा व अपू ही मुले आणि त्यांची वृद्ध आत्या इंदिर ठाकरुण, एवढाच तो संसार. या कादंबरीच्या मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त आवृत्तीला सत्यजित राय यांनी चित्रे काढून दिली होती. तिचे नाव मोठे गोड आहे, 'आम आँटिर भेंपू', म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी! चित्रे काढता काढताच त्यांच्या मनात ही कथा घर करून बसली. त्यांचा चित्रपट १९५५ साली प्रदर्शित झाला.

मूळ कादंबरीवर राय यांचे निस्सीम प्रेम होते, तरी त्यांनी तीत पुष्कळ बदल केले. कादंबरीत इंदिर ठाकरुण लवकरच मरण पावते, तेही गावातील देवस्थानाच्या ओसरीवर, मोठ्या माणसांच्या देखत. चित्रपटात ती बराच काळ आपल्यासोबत राहते, आणि बांबूच्या बनात निश्चल बसलेली मुलांनाच आढळते. मृत्यू म्हणजे काय, हे त्या दोन बालकांना कोणी समजावून सांगत नाही. त्यांना ते दिसते. दुसरा प्रसंग दुर्गेच्या मृत्यूनंतरचा. परगावी गेलेला हरिहर काहीच ठाऊक नसताना परततो, मुलीसाठी आणलेली साडी पत्नीच्या हाती देतो, आणि तिचा बांध फुटतो. लेखकाला तेथे शब्दच वापरावे लागतात. राय यांनी तिचा आक्रोश ऐकूच दिला नाही. त्याच्या जागी तारशहनाईचा आर्त सूर ठेवला. तो ऐकताना अंगावर काटा येतो.

अर्थात, काही हरवतेही. कर्णाची कथा ऐकून व्याकूळ होणारा, एकटाच स्वप्ने रचणारा अपू जितका पुस्तकात भेटतो, तितका पडद्यावर भेटत नाही. मनातले विचार कॅमेऱ्याला टिपता येत नाहीत. शिवाय चित्रपट कुटुंबाने गाव सोडताच संपतो. पुढचा काशीचा भाग राय यांनी 'अपराजितो' या १९५६ सालच्या चित्रपटात घेतला.

म्हणून चित्रपटगृहात जाताना मनात पुस्तकाची पाने उलटीत बसू नये. 'हे गाळले, ते बदलले' असा हिशेब मांडणाऱ्याला ना धड चित्र दिसते, ना धड पुस्तक आठवते. 'हे का बदलले असावे?' असे मात्र अवश्य विचारावे. आणि आधी पुस्तक वाचावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपण कल्पिलेला चेहरा एकदा पुसला गेला, की तो परत आणणे कठीण.

चित्रपटातील आगगाडीचा प्रसंग प्रसिद्ध आहे. पांढऱ्या कासगवताच्या तुऱ्यांतून भावंडे धावतात, काळा धूर सोडीत गाडी येते. दुर्गा अडखळते, अपू रुळांपर्यंत पोहोचतो. (पहिल्या चित्रीकरणानंतर आठवड्याने मंडळी तेथे परतली, तो गुरांनी ते गवत खाऊन टाकलेले! पुन्हा तुरे येईपर्यंत पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागली.) हा प्रसंग पाहून आल्यावर कादंबरी पुन्हा उघडावी. तेथे ही मुले रेल्वेचा मार्ग शोधावयास निघतात, परंतु गाडी न पाहताच परत येतात. पुढे दुर्गा अंथरुणाला खिळते, आणि आपण बरी झाल्यावर आगगाडी दाखवशील का, असे धाकट्या भावाला विचारते. पडद्यावर धडधडत गेलेली ती गाडी पुस्तकातल्या दुर्गेला कधीच दिसत नाही.