न भरणारी जखम

बालमित्रांनो, खेळताना गुडघा फुटला तर काय होतं? रक्त येतं, खपली धरते आणि आठ-दहा दिवसांत खाली नवी कातडी दिसू लागते. आपली त्वचा स्वतःची डागडुजी स्वतःच करते! पण एखादी जखम महिना झाला तरी भरत नसेल, बरी होऊन पुन्हा पुन्हा चिघळत असेल, तर? तर ती डॉक्टरांना दाखवायलाच हवी. क्वचित तो त्वचेचा कर्करोग असू शकतो.

हा रोग मुलांना सहसा होत नाही, मोठ्या माणसांना होतो. तो संसर्गजन्य नाही, बरं का! त्याचे मुख्य प्रकार तीन.

पहिला बेसल सेल. बहुधा चेहऱ्यावर मोत्यासारखी चकाकणारी किंवा काळपट गाठ येते. ती सावकाश वाढते, शरीरात इतरत्र क्वचितच पसरते.

दुसरा स्क्वॅमस सेल. चामखिळीसारखी खरखरीत वाढ किंवा न भरणारी जखम ही त्याची खूण. जास्त ऊन हे याचं एक कारण, पण एकाच जागी वर्षानुवर्षं होणारा त्रासही कारण ठरतो. काश्मीरमध्ये थंडीत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरतात. तिच्या धगीने हा रोग झालेला आढळतो. आपल्याकडे धोतर किंवा लुगडं कमरेला घट्ट कसतात, परकराची नाडी आवळतात. तिथे काचून काचून काळा पट्टा पडतो. बहुतेकांचं तेवढ्यावरच भागतं. पण क्वचित तिथे जखम होते आणि कर्करोग होतो. मुंबईचे डॉ. वसंत खानोलकर यांनी एका सहकाऱ्यासह १९४५ मध्येच याविषयी लिहिलं होतं. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनीही अशा दोन वृद्ध स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली.

तिसरा मेलानोमा. हा कमी आढळतो, पण फार धोकादायक. एखादा तीळ वेडावाकडा वाढू लागला, त्यात दोन-तीन रंग दिसू लागले, तो ६ मिलिमीटरहून मोठा झाला, खाजू लागला किंवा त्यातून रक्त आलं, तर सावध व्हावं. सावळ्या त्वचेत तो बहुधा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. म्हणून तळपायही पाहायला हवेत.

घाबरू मात्र नका. प्रत्येक तीळ किंवा डाग म्हणजे कर्करोग नव्हे. शंका आली तर डॉक्टर छोटासा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. वेळेवर कळलं तर बहुतेक रुग्ण छोट्या शस्त्रक्रियेने बरे होतात. पालकांनो, हळद किंवा मलम लावत महिने घालवू नका. नाडी सैल बांधा, तिची जागाही बदलत राहा.

आणि मुलांनो, तुम्हाला एक गृहपाठ! आजीची नजर अधू झालेली असते, आजोबांना वाकून तळपाय पाहता येत नाहीत. तुमचे डोळे तर तेज आहेत ना? मग येत्या रविवारी विचारा, "आजी, कमरेला काचतं का गं? आजोबा, पाय दाखवा बघू!"