पायाच्या रंगाचे टाइट्स

फिगर स्केटिंगचे टाइट्स म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत पायाला घट्ट बसणारा, नायलॉन आणि लायक्राच्या धाग्यांचा विणलेला पोशाख. बर्फावर तो थंडी अडवतो, चाकांच्या स्केटिंगमध्ये पडल्यावरचे खरचटणे कमी करतो, मांडी-पोटरीचे स्नायू धरून ठेवतो आणि जुने काळे-निळे डाग झाकतो. पण त्याचे मुख्य काम डोळ्यांसाठी असते. उडीत, गिरकीत किंवा मागे उचललेल्या पायात परीक्षकाला कमरेपासून स्केटच्या टोकापर्यंत एकच सलग रेघ दिसायला हवी. टाइट्सचा रंग पायाच्या रंगापासून सुटला, की ती रेघ झग्याच्या काठाशी तुटते आणि नजर पायाच्या हालचालीऐवजी कापडावर जाते.

महाराष्ट्रात हा प्रश्न बर्फापेक्षा चाकांवर जास्त पडतो. शिमल्याचे नैसर्गिक बर्फाचे मैदान १९२० पासून आहे, अलीकडे डेहराडून आणि गुरुग्राम येथे कृत्रिम बर्फाचे रिंक झाले, पण कोल्हापूर-सांगलीकडच्या मुली शिकतात त्या काँक्रीटच्या किंवा फरशीच्या रिंकवर, पुढे दोन आणि मागे दोन चाके असलेल्या स्केटवर. या कलात्मक स्केटिंगमध्येही उड्या, गिरक्या, संगीत आणि झगा सगळे बर्फावरच्यासारखेच असते आणि टाइट्सही तेच चालतात. फरक पडतो तो उन्हामुळे. उघड्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलीचे पाय एप्रिल-मेमध्ये रापतात आणि श्रावणापर्यंत पुन्हा उजळतात. उन्हाळ्यात घेतलेला जोड हिवाळ्यातल्या स्पर्धेला जुळेलच असे नाही. म्हणून रंग पाहायचा तो स्पर्धेच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांतला.

निवड करण्याआधी कापड समजून घेतले पाहिजे. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये मोजतात: ९००० मीटर धाग्याचे जितके ग्रॅम वजन, तितके डेनिअर. साडीखाली किंवा स्कर्टखाली घालायचे पारदर्शक पायमोजे १५-२० डेनिअरचे असतात; स्केटिंगचे टाइट्स त्याहून बरेच जाड असतात. तरी ते पूर्ण अपारदर्शक नसतात. विणीचे फासे ताणले की उघडतात आणि मधून कातडी दिसते. डोळ्याला जो रंग दिसतो तो कापड आणि कातडी या दोन्हींचा मिळून झालेला असतो. पाकिटात घडी घातलेले टाइट्स त्यामुळे नेहमी फसवतात: घडीत कापडाचे चार-चार थर असतात, पायावर एकच, आणि तोही ताणलेला.

हा ताण सगळीकडे सारखा नसतो. मांडीवर कापड सर्वांत जास्त ताणले जाते, म्हणून तिथे कातडीचा रंग वर येतो. घोट्याशी ताण कमी, म्हणून तिथे कापडाचा स्वतःचा रंग राज्य करतो. रंग नीट जुळला असेल तर मांडी आणि घोटा यांत फरक जाणवत नाही. जुळला नसेल तर पाय वरून खाली हळूहळू रंग बदलत जातो. खरी परीक्षा इथेच होते आणि ती करायला कोणतेही साधन लागत नाही. टाइट्स घालून उभे राहायचे, मग गुडघा पूर्ण वाकवायचा. वाकलेल्या गुडघ्यावर गडद किंवा पांढुरका ठिपका उमटला तर शेड चुकली आहे किंवा कापड फार पातळ आहे.

सावळ्या पायावर फिका धागा चढला की पाय गोरा दिसत नाही, राख फासल्यासारखा दिसतो. गडद पृष्ठभागावर फिकट जाळी ताणली की दोन्हींचे मिश्रण करड्याकडे झुकते, म्हणून असे होते. याउलट किंचित गडद कापड सावळ्या किंवा गव्हाळ पायावर सहज मिसळून जाते आणि रिंकवरच्या प्रखर दिव्यांत उजळून बरोबर ठिकाणी येते. त्यामुळे दोन शेडच्या मध्ये अडकल्यास गडद बाजूची घेणे बहुतेक वेळा योग्य ठरते. अगदी गोऱ्या पायाला हा नियम तितकासा लागू नाही. तिथे गडद कापड घोट्याशी तांबूस पट्टा दाखवते.

फिका-गडद हा रंगाचा एक भाग झाला. दुसरा भाग झाकेचा, आणि तोच जास्त चुकतो. दोन मुली सारख्याच गव्हाळ असल्या तरी एकीच्या कातडीत पिवळसर झाक असते, दुसरीच्या तांबूस, तिसरीच्या थोडी हिरवट. बाजारातले बरेच टाइट्स गुलाबी झाकेकडे झुकलेले असतात आणि पिवळसर गव्हाळ पायावर ते परके वाटतात, जरी गडदपणा नेमका जुळत असला तरी. मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या हे पाहून झाक ठरवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण सावळ्या कातडीत शिरा नीट दिसतच नाहीत. त्यापेक्षा धुतलेला पांढरा शुभ्र रुमाल पोटरीशेजारी धरावा. पांढऱ्याशेजारी पोटरीची पिवळी, तांबडी किंवा हिरवट बाजू लगेच उठून दिसते. पोटरी कोरडी असेल तर आधी थोडे खोबरेल तेल लावून पुसून घ्यावे. कोरड्या कातडीवरची पांढरट साय रंगाचा अंदाज बिघडवते. चेहऱ्याशी किंवा हाताशी तुलना करू नये. चेहरा, हात आणि मांडी यांचे रंग एकाच अंगावर दोन-दोन शेडने वेगळे असतात, आणि झाकायचा आहे तो पाय.

त्वचारोगतज्ज्ञ वापरतात ती फिट्झपॅट्रिक मोजपट्टी इथे फारशी उपयोगी नाही. १९७५ मध्ये तयार झालेल्या या पट्टीत कातडीचे सहा प्रकार आहेत, पण ते उन्हात कातडी किती भाजते आणि किती रापते यावर ठरवलेले आहेत. बहुतेक मराठी माणसे त्यातल्या चौथ्या-पाचव्या खणात एकत्र येतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेली एलिस मंक यांची दहा पायऱ्यांची पट्टी डोळ्यांना दिसणाऱ्या रंगावर आधारलेली असल्याने थोडी जवळची आहे. झाक मात्र तिच्यातूनही कळत नाही.

प्रकाशाचा प्रश्न सर्वांत किचकट. दोन रंग एका दिव्याखाली अगदी सारखे दिसतात आणि दुसऱ्या दिव्याखाली वेगळे पडतात. कातडीचा रंग तिच्यातले रंगद्रव्य आणि रक्त यांतून येतो, कापडाचा रसायनी रंगांतून. दोन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने प्रकाश परतवतात, म्हणून असे होते. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली जुळलेली शेड सभागृहातल्या निळसर पांढऱ्या एलईडीखाली गुलाबी पडू शकते. त्यातून बर्फ खालून थंड पांढरा प्रकाश वर फेकतो, लाकडी रिंक उबदार तपकिरी. रंग आधी दिवसाच्या उजेडात, पण थेट उन्हात नव्हे, पाहावा. नृसिंहवाडीच्या कृष्णाकाठच्या घाटावर सकाळी पायऱ्यांवर अजून ऊन उतरलेले नसते तेव्हा मिळतो तसा मोकळ्या आकाशाचा सावलीतला उजेड यासाठी उत्तम. उत्तरेकडच्या खिडकीतही तोच मिळतो. त्यानंतर दुसरी तपासणी स्पर्धेच्या सभागृहातल्या दिव्यांखाली, आणि तीही दुरून. परीक्षक बसतात तितक्या अंतरावरून कोणीतरी पाहावे. हातभर अंतरावरून दिसणारा लहान फरक तिथून नाहीसा होतो आणि जवळून न दिसलेला मोठा फरक तिथून ओरडतो.

रंगमंचावरच्या लोकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. नृसिंहवाडीपासून जवळच असलेल्या सांगलीत विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ उभे केले. पुढे बहरलेल्या नाटक मंडळ्यांच्या रंगपटात सफेदा, पिवडी आणि हिंगूळ यांच्या मिश्रणातून नटाच्या तोंडाचा रंग तयार होई. चांगला रंगभूषाकार आजही चेहऱ्याचा रंग मानेशी आणि कानामागे जुळतो का ते पाहतो, आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेतून एकदा खात्री करतो. टाइट्स निवडताना घोट्याशी आणि झग्याच्या काठाशी पाहायचे, हे त्याच सवयीचे दुसरे रूप.

‘स्किन कलर’ या नावाने आपल्या दुकानांत अस्तर, लेगिंग, पायमोजे मिळतात, आणि ते जवळजवळ नेहमी फिक्या गुलाबी-पिवळ्या रंगाचे असतात. ज्या गिऱ्हाइकांना ते विकले जातात त्यांतल्या बहुतेकांच्या कातडीचा तो रंग नसतो. ही सवय बाहेरून आली, आणि तिथे ती मोडायलाही सुरुवात झाली. अमेरिकेत क्रेयोला कंपनीने आपल्या ‘फ्लेश’ नावाच्या खडूचे नाव १९६२ मध्ये बदलून ‘पीच’ केले. नृत्यात हा बदल कलावंतांनीच घडवला: आर्थर मिचेल यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेममध्ये १९७० च्या दशकात नर्तिका बॅलेच्या पारंपरिक गुलाबी टाइट्सऐवजी आपापल्या पायाच्या रंगाचे टाइट्स घालू लागल्या, आणि बुटांनाही तोच रंग लावू लागल्या. बुटांच्या कारखान्यांना जाग यायला मात्र बराच काळ गेला. लंडनच्या फ्रीड कंपनीने ‘बॅले ब्लॅक’ या संस्थेसोबत तपकिरी छटांचे बॅले बूट बाजारात आणले ते २०१८ मध्ये. स्केटिंगमध्येही कृष्णवर्णीय खेळाडू पुढे येत होत्या: डेबी थॉमस यांनी १९८८ च्या कॅलगरी हिवाळी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय खेळाडू. आज स्केटिंगच्या टाइट्सच्या मोठ्या कंपन्या फिक्या बदामीपासून गडद कॉफीपर्यंत अनेक शेड काढतात. गव्हाळ आणि सावळ्याच्या मधल्या पट्ट्यात मात्र, म्हणजे नेमके जिथे बहुतेक मराठी पाय बसतात तिथे, अजूनही एका शेडवरून दुसरीवर मोठी उडी असते.

लहान गावातल्या मुलीच्या घरी टाइट्स बहुधा कुरियरने येतात. फोनच्या पडद्यावरचा रंग भरवशाचा नसतो; त्याच फोनवर उजेड कमी-जास्त केला तरी तो बदलतो. शेडच्या नावांवरही विसंबू नये, कारण एका कंपनीचे ‘सनटॅन’ दुसऱ्या कंपनीच्या ‘कॅरामेल’एवढे गडद असू शकते. क्लबातल्या थोरल्या मुलींचे जुने टाइट्स घालून पाहणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग. दोन शेड मागवून एक परत पाठवण्याची सोय असेल तर तीही घ्यावी, पण घालून पाहताना पायात पातळ मोजे आणि हातात मऊ हातमोजे असावेत. नखाने एकदा धागा ओढला की जोड परत जात नाही.

मनासारखी शेड मिळालीच नाही तर रंगवणे उरते. नृसिंहवाडीच्या जवळच इचलकरंजी हे यंत्रमागाचे शहर आहे, पण तिथल्या कामाचा कणा सूत आहे, आणि सुतासाठी वापरायच्या रंगाने नायलॉनवर भरवशाचा, सारखा रंग बसत नाही. नायलॉनला आम्लात चढणारे रंग लागतात. घरी त्या आम्लासाठी व्हिनेगर पुरते. गुलाबी झाक मारून पिवळसर तपकिरी आणायची असेल तर चहा उत्तम काम करतो. बिनदुधाचा, बिनसाखरेचा कडक चहा उकळून गाळून घ्यावा, गॅस बंद करावा, टाइट्स आधी साध्या पाण्यात पूर्ण भिजवून मगच त्यात सोडावेत आणि सतत हलवत राहावे. कोरडे सोडले तर डाग पडतात. उकळत्या पाण्यात लायक्रा सैल होतो, म्हणून चहाला पुन्हा उकळी आणू नये. भांडे स्टीलचे घ्यावे. लोखंडी कढईत किंवा लोह असलेल्या बोअरच्या पाण्यात चहाचा रंग करडा-काळा होतो, आणि टाळायची होती तीच राखेची झाक परत येते. ओले कापड नेहमी गडद दिसते. म्हणून हवे त्याहून थोडे गडद झाल्यावरच बाहेर काढावे, थंड पाण्यात खंगाळावे आणि पूर्ण वाळल्यावर पायावर पाहावे. पहिला प्रयोग फाटक्या जोडाच्या पावलावर करावा. चहाने रंग गडद करता येतो, फिका करता येत नाही. ब्लीचने फिका करण्याचा प्रयत्न केला तर लायक्रा कुजतो आणि नायलॉन पिवळा पडतो.

टाइट्सच्या खालच्या टोकाचे प्रकार वेगवेगळे असतात: पावलासह, घोट्याशी संपणारे, टाचेखाली पट्टी असलेले आणि बुटावरून चढणारे. शेवटच्या प्रकारामुळे रेघ सर्वांत लांब दिसते, पण रंगाची अडचणही तिथेच वाढते. स्केटिंगचे बूट मुलींसाठी बहुधा पांढरे असतात. नॉर्वेच्या सोन्या हेनी यांच्यापासून तो रिवाज पक्का झाला. पांढऱ्या बुटावर ताणलेले टाइट्स सावळ्या पोटरीवरच्या त्याच कापडापेक्षा स्पष्ट फिके दिसतात, आणि घोट्याच्या वर गडद-फिक्याची सीमा पडते. यावर उपाय दोन. एक तर बुटाएवढ्या भागात जुन्या टाइट्सचा एक थर आधी चढवून वर नवा जोड घालायचा, किंवा थोड्या गडद शेडचे वेगळे बूटझाकण घ्यायचे. तपकिरी बूट मिळत असतील तर प्रश्नच मिटतो.

झग्याच्या गळ्याला आणि बाह्यांना लावलेली पारदर्शक जाळीही याच हिशेबात येते. ती दंडाच्या रंगाशी जुळवायची, टाइट्सशी नव्हे, कारण ती दंडावर बसते. चमकदार टाइट्स दिव्यात फिके दिसतात आणि झाक लपवतात. नेमका रंग हवा असेल तर बिनचमकीचे घ्यावेत. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २००४ पासून महिलांना स्पर्धेत पँट घालायची मुभा दिली आहे, त्यामुळे बर्फावर टाइट्सऐवजी तोही रस्ता मोकळा आहे.

समूह स्केटिंगमध्ये आयोजक अनेकदा सगळ्यांना एकच शेड घ्यायला लावतात. एकसारखेपणा हवा हे खरे, पण आठ वेगवेगळ्या वर्णांच्या पायांवर एक फिकी शेड चढवली तर आठ वेगवेगळे करडे रंग दिसतात, कारण खालची कातडी प्रत्येकीची वेगळी. एकच वीण, एकच बिनचमक पोत आणि प्रत्येकीच्या पायाची शेड असे ठरवले तर दुरून गट एकसंध दिसतो आणि सावळ्या मुलीला दुसरीच्या कातडीत शिरावे लागत नाही.

शेड एकदा सापडली की दोन जोड एकाच वेळी, एकाच लॉटचे घ्यावेत. लॉट बदलला की रंग थोडा सरकतो. दोन्ही जोड आळीपाळीने वापरावेत, म्हणजे ते सारखेच फिके होतील. धुवायचे ते थंड पाण्यात, सौम्य साबणाने, जाळीच्या पिशवीत, आणि वाळवायचे सावलीत आडवे पसरून, कारण उन्हात नायलॉनचा रंग उडतो.