सरस-निरस मानाने

वाटपाच्या दाव्यात हरणारा कोणी नसतो, निदान कायद्याच्या नजरेत. उसनवारीच्या दाव्यात एक देणेकरी असतो आणि एक घेणेकरी. भाड्याच्या दाव्यात एकाला घर सोडावे लागते. वाटपात मात्र प्रतिवादीसुद्धा वादीच असतो. वडिलोपार्जित मिळकतीत त्याचाही हिस्सा असतो आणि तोही न्यायालयाला सांगू शकतो की माझा तुकडा वेगळा काढून द्या. म्हणूनच सगळ्या हिस्सेदारांना पक्षकार करावे लागते आणि काही अपवाद सोडले तर सगळ्या एकत्र मिळकती दाव्यात आणाव्या लागतात. गावाकडच्या बागायतीत हिस्सा मागायचा आणि शहरातला प्लॉट झाकून ठेवायचा, हे चालत नाही. इतकी समतोल बांधणी दिवाणी कायद्यात क्वचित सापडेल. तरीही तालुक्याच्या न्यायालयात सर्वांत जुनाट दावा कुठला, असे विचारले तर वकील बहुधा वाटपाच्याच एखाद्या दाव्याकडे बोट दाखवतील. दोष भावकीला दिला जातो. भावकी भांडते हे खरेच, पण दावा रखडतो तो बराचसा हुकूमनामा झाल्यानंतर, आणि त्याचे कारण भांडखोरपणापेक्षा कायद्यानेच ठेवलेल्या एका सांध्यात आहे.

आधी न्यायालयाच्या वाट्याचे काम पाहू. वडील वारतात, सातबाऱ्यावर थोरल्याचे नाव लागते, नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. पुढच्या एखाद्या फेरफारात ती अक्षरे गळतात आणि मॅनेजरचा मालक होतो. धाकट्यांना ते कळते बहुधा जमिनीला गिऱ्हाईक आल्यावर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अशी नोंद खरी धरली जाते, पण विरुद्ध शाबीत होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 च्या सवर्णी विरुद्ध इंदर कौर या निकालापासून अनेकदा सांगितले आहे. मग कैफियतीत ठरलेला बचाव येतो: वाटप पूर्वीच तोंडी झाले, जो तो आपापले खातो आहे. वादी म्हणतो, ते वाटप नव्हे, ती सोयीची वहिवाट. दोघेही बांधाकडेच बोट दाखवत असतात. कुटुंब एकत्र धरले जाते आणि वाटप झाले म्हणणाऱ्यावर ते शाबीत करण्याचा भार पडतो. न्यायाधीश मग जुने कागद चाळतात. पीककर्ज वेगवेगळे घेतले होते का, 8अ ची खाती कधी फुटली, जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत भावाचेच नाव शेजारी म्हणून आले आहे का. हे काम किचकट असले तरी कनिष्ठ न्यायालये ते बऱ्यापैकी चोख करतात. त्यांच्या या हातोटीची वाखाणणी फारशी कोणी करत नाही.

या दाव्याचा आणखी एक गुण म्हणजे तो लवचीक आहे. हिस्से ठरले तरी अंतिम वाटपापर्यंत ते बदलू शकतात. एखादा हिस्सेदार मेला तर हिस्से ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा दुसऱ्यांदा करता येतो, हे 1967 च्या फूलचंद विरुद्ध गोपाल लाल या निकालात ठरले. याच लवचीकतेचा फायदा लेकींना झाला. महाराष्ट्राने 1994 मध्ये मुलींना सहदायिक केले, पण 22 जून 1994 पूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. 9 सप्टेंबर 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती आडकाठी काढली, आणि 2011 मध्ये गंडूरी कोटेश्वरम्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की प्राथमिक हुकूमनामा आधीच झालेला असला तरी नव्या हक्काप्रमाणे हिस्से पुन्हा मोजले पाहिजेत. 2020 च्या विनीता शर्मा निकालाने तोंडी वाटपाचा बचावही सहजी मानायचा नाही, असे बजावले. म्हणजे दावा रखडला म्हणून काही बहिणींना हिस्सा मिळाला! विलंबाच्या बाजूने एवढेच काय ते म्हणता येईल, आणि तेही योगायोगाने घडलेले.

सांधा येतो तो यापुढे. घर, प्लॉट, दुकान यांच्या वाटपासाठी न्यायालय कोर्ट कमिशनर नेमते, त्याच्या अहवालावर हरकती ऐकते आणि अंतिम हुकूमनामा करते. शेतजमिनीचे तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे सरकारला सारा भरणाऱ्या मिळकतीचे वाटप कलेक्टरने किंवा त्याच्या हाताखालच्या राजपत्रित अधिकाऱ्याने करायचे असते. न्यायालय फक्त सांगते की अमक्याचा एक तृतीयांश, तमकीचा एक षष्ठांश. मग हुकूमनामा कलेक्टर कचेरीत जातो, तिथून तहसीलदाराकडे, तिथून मोजणीसाठी भूमी अभिलेख खात्याकडे. मोजणीची फी भरायची, तारीख घ्यायची, सहहिस्सेदारांना नोटिसा द्यायच्या. वाटप तक्ता तयार झाला की हरकती येतात, कारण खरे भांडण एक तृतीयांशाचे नसतेच. विहिरीकडचा तुकडा कोणाचा, डांबरी रस्त्याला तोंड कोणाचे, मुरमाड माळ कोणाच्या माथी, हे भांडण असते. वाटप सरस-निरस मानाने करायचे, म्हणजे काळ्या जमिनीचा आणि खडकाळ जमिनीचा मेळ घालून, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण कुठली जमीन किती सरस, यावर ज्या न्यायाधीशाने वर्षानुवर्षे पुरावा ऐकला त्याला विचारायचे नाही, आणि ज्याला विचारायचे त्याच्या टेबलावर निवडणूक, पंचनामे आणि टंचाई यांच्या फायली आधीच असतात. दाव्यादरम्यान एखाद्याने आपला तुकडा विकला असेल तर तो खरेदीदारही पुढे येतो; कलेक्टरने त्याचेही ऐकले पाहिजे, हे महाराष्ट्रातूनच गेलेल्या खेमचंद चौधरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. निर्णय योग्य असला तरी त्यामुळे तहसीलदारासमोर जवळजवळ दुसरा दावा उभा राहतो. मधल्या काळात म्हातारे मरतात, त्यांचे वारस लावावे लागतात. कलेक्टरचे वाटप हुकूमनाम्याबाहेर गेले तर पक्षकार परत न्यायालयात येतो.

या व्यवस्थेचे समर्थन होते. जमीन फुटली की सारा फुटतो, मग वसूल कोणाकडून करायचा, ही वसाहती सरकारची चिंता होती आणि 1882 च्या संहितेतही हीच तरतूद होती. आज साऱ्याची रक्कम एवढी किरकोळ आहे की त्या चिंतेत काही राहिलेले नाही. दुसरे समर्थन अधिक वजनदार आहे. नकाशे, मोजणीदार, तुकडेबंदी कायद्याची जाण हे सगळे महसूल खात्याकडे आहे. न्यायाधीश काही साखळी घेऊन शेतात जाणार नाहीत. पण त्यासाठी निर्णयाची सूत्रेच खात्याकडे देण्याची गरज नाही, त्याचे कौशल्य मागून घेता येते. कर्नाटकाने 1998 च्या कायद्याने कलम 54 बदलले: वाटप न्यायालयच करते, गरज पडली तर तहसीलदार दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याचा किंवा कमिशनरचा अहवाल घेऊन. तेवढ्याने तिथले दावे झटपट संपतात असे नव्हे, तिथल्याही न्यायालयांवर ओझे आहे. पण वाटप का झाले नाही, याचा जाब पक्षकार एकाच दाराशी मागू शकतो.

मग समेट का नको, असा आक्षेप येतो. लोकअदालतीत झालेला निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो, त्यावर अपील नाही, कोर्ट फीही परत मिळते. जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे संमतीने वाटप करून घेण्याचीही सोय आहे. जिथे सगळे मनापासून राजी आहेत तिथे हे मार्ग उत्तमच. परंतु समेटात कोण किती सोडतो हे त्याला न्यायालयाकडून काय आणि कधी मिळणार, यावर ठरते. हुकूमनामा हाती असूनही ताबा कधी मिळेल याचा भरवसा नसेल, तर जमिनीत बसलेल्या भावाला घाई नसते आणि सासरी राहणारी बहीण हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी होते. तिच्या त्या सहीला स्वखुशी म्हणणे मला जड जाते. एकाच दाराशी सगळे संपवण्याचा आणखी एक नमुना म्हणजे गोव्यातली, पोर्तुगीज परंपरेतून आलेली इन्व्हेंटरीची पद्धत. मिळकतीची यादी, वारसांची नोंद, वारसांमधली बोली आणि वाटणी, सारे एकाच न्यायालयासमोर चालते. जमीन ज्याने बोलीत घेतली त्याने इतरांना रक्कम द्यायची. त्यात पैसेवाल्याचे फावते हा दोष आहेच.

महाराष्ट्राला कर्नाटकासारखा बदल करता येणार नाही असे मुळीच नाही. दिवाणी प्रक्रिया समवर्ती सूचीत येते आणि राज्याने या संहितेत यापूर्वी हात घातलेला आहे. कलम 9अ इथेच घातले गेले आणि 2018 मध्ये इथेच काढले गेले. कलम 54 बदलताना घाईने फक्त ‘कलेक्टर’च्या जागी ‘न्यायालय’ लिहून भागणार नाही. हिस्से ठरवणाऱ्या निकालातच मोजणीचा आदेश हवा, मोजणीदाराला अहवालाची मुदत हवी, आणि विहीर, पाण्याच्या पाळ्या व शेतात जायची वाट यांबद्दलचे मुद्दे साक्षीपुराव्याच्या वेळीच काढायला हवेत. आज ते निघतात वाटप तक्त्यावरच्या हरकतीत, साक्षीदारांपैकी निम्मे हयात नसताना.